प्रकाशाच्या नजरेतून मेंदूतील रक्तस्राव

श्रोतेहो, नमस्कार. डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी चांगला शुद्धीवर असतो, नाव-गाव सांगतो, आणि काही तासांतच गुंगीत जातो. कारण कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठत असते आणि बाहेरून त्याचा मागमूसही नसतो. निदानासाठी सीटी स्कॅनला पर्याय नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मात्र पहिल्या स्कॅननंतरही रक्तस्राव वाढू शकतो, आणि रुग्णाला तासातासाला क्ष-किरणांखाली नेणे शक्य नसते. या मधल्या वेळेत पहारा ठेवण्यासाठी प्रकाश उपयोगी पडतो.

अंधारात पेटती बॅटरी तळहाताने झाकली, तर बोटांच्या कडा लाल उजळतात. त्या लाल रंगाच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटी भेदून काही सेंटिमीटर आत जातो. त्याच्या साहाय्याने मेंदूतील ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवले. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते. साकळलेल्या रक्तात त्याची दाटी भोवतालच्या मेंदूपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे त्या बाजूने परत येणारा प्रकाश कमी भरतो.

‘इन्फ्रास्कॅनर’ हे हातात मावणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. कपाळ, कानशील, माथ्याची बाजू आणि डोक्याचा मागचा भाग अशा जागी डावी-उजवी बाजू ताडून पाहिली जाते. काम सोपे वाटते. पण दाट केस नीट बाजूला सारून प्रकाशनळ्या त्वचेला टेकवल्या नाहीत, तर केसच प्रकाश गिळतात.

दोन बाजूंच्या तुलनेवर सारी भिस्त असल्याने दोन्हीकडे सारखेच रक्त साठले, तर यंत्र फसू शकते. टाळूच्या त्वचेखालची सूजही त्याला चकवते. साधारण साडेतीन मिलिलिटरहून लहान किंवा मेंदूच्या पृष्ठभागापासून अडीच सेंटिमीटरहून खोल असलेला रक्ताचा साठा त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून माझ्या मते एकाच मोजणीवर विसंबण्यापेक्षा रुग्ण दाखल होताच पहिली नोंद करून ठेवावी आणि पुढच्या नोंदी तिच्याशी जुळवून पाहाव्यात. फरक वाढू लागला, तर लगेच पुन्हा स्कॅन करावा. आणि यंत्र काहीच दाखवत नसले, तरी उलट्या थांबत नसतील, गुंगी वाढत असेल किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल, तर स्कॅन करण्यात क्षणभरही उशीर करू नये.