रिपोर्ट नॉर्मल आहे

हे पाकीट बघा. खिडकीपाशी फिल्म उजेडात धरलीये ती आईने, चेहरा नको म्हणाली म्हणून फक्त हात घेतलेत. एका फिल्मवर डोक्याचे छोटे छोटे चौकोन, कांदा आडवा चिरत गेल्यावर दिसतात तसे एकेक काप. सोबत टाइप केलेला रिपोर्ट, शेवटची ओळ इंग्रजीत, अर्थ इतकाच की मेंदूत विशेष दोष दिसत नाही. फिल्म दादाची आहे. दादाला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल उदासी येण्याचा मनाचा आजार, आणि हा कागद घरात आल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक एकच ऐकवतो, रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग ही नाटकं कशाला.

तर आधी ते मशीन बघू, एमआरआयचं.

आत आडवा झालोय तो मीच. कॅमेरा आत नेता येत नाही, त्यामुळे हा सगळा भाग काचेच्या अलीकडून, टेक्निशियनच्या खुर्चीमागून घेतलाय, काचेत आमचंच प्रतिबिंब दिसतंय ते चालवून घ्या. आत जायच्या आधीचा हा सीन मात्र नीट आलाय. "सर, घड्याळ, बेल्ट, चावी, पाकीट, सगळं लॉकरमध्ये. पेसमेकर वगैरे नाही ना? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?" हे तीन तीनदा विचारतात आणि ते बरोबरच आहे, कारण हा चुंबक कधीच बंद नसतो, स्कॅन चालू असो नसो, लाइट गेली तरी. आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, द्रव हीलियममध्ये उणे २६९ अंशांवर ठेवलेली असते, त्या थंडीत विजेला विरोधच होत नाही, एकदा सोडलेला करंट फिरतच राहतो. मशीन ३ टेस्लाचं, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणारं जे पृथ्वीचं चुंबकत्व आहे त्याच्या साधारण ६० हजार पट.

इथे जरा वेळ फक्त आवाज ऐका.

हा जो ठोक-ठोक, मग ड्रिल, मग विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेसारखा आवाज येतोय ना, तो आतल्या दुसऱ्या कॉइल्सचा. त्यांच्यातला करंट भराभर बदलतो आणि एवढ्या ताकदीच्या चुंबकात त्या थरथरतात, म्हणून कानात बोळे. काम काय चाललंय तर आपल्या शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन, चुंबकात गेल्यावर त्याचे कण थोडेफार एका दिशेला वळतात, मग रेडिओ लहरींचा एक धक्का द्यायचा आणि ते परत जागेवर यायला किती वेळ घेतात ते टिपायचं. मेंदूच्या करड्या भागात वेळ वेगळा, पांढऱ्या भागात वेगळा, मधल्या पोकळ्यांतल्या पाण्यात आणखी वेगळा. त्या फरकावरून हे चित्र तयार होतं. एक्स-रे नाही, किरणोत्सर्ग नाही. पाच-सहा मिनिटं हलायचं नाही एवढंच, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही, माझं नाक नेमकं तेव्हाच खाजत होतं. आणि हलण्याची गोष्ट साधी नाहीये, डोकं जरा हललं की मेंदूचा बाहेरचा थर आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो, म्हणजे अस्वस्थ माणसाचा मेंदू निव्वळ चुळबुळीमुळे वेगळा दिसू शकतो. मेंदू मोजण्याच्या अभ्यासात हे कायम डोक्यात ठेवावं लागतं.

आता हा लॅपटॉप. माझाच मेंदू आहे, फ्रीसर्फर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलाय. एक मेंदू मोजायला त्याला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपलो. पिवळी रेघ म्हणजे पांढऱ्या भागाची कड, लाल रेघ म्हणजे मेंदूचा बाहेरचा पृष्ठभाग, आणि दोन्हींच्या मधला जो पट्टा दिसतोय तो कॉर्टेक्स. सरासरी जाडी अडीच मिलिमीटर. विचार, बोलणं, आवरणं-सावरणं, यातलं बरंच काही या एवढ्याशा सालीत. सॉफ्टवेअर प्रत्येक बाजूचे ३४ भाग पाडतं आणि एकेकाची जाडी काढतं.

लॉस एंजेलिसला आम्ही गेलो नाही, त्यामुळे इथे नकाशावर भागवा. तिथल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून पॉल थॉम्पसन यांच्या पुढाकाराने एनिग्मा नावाचं काम चालतं, सुरुवात २००९ ची. अडचण जुनीच होती, एकेका हॉस्पिटलात वीस-तीस पेशंटचे स्कॅन, एक म्हणणार हा भाग लहान, दुसरा म्हणणार छे, मोठा. मग ठरलं की मोजायची पद्धत सगळ्यांची एकच, मोजायचं आपापल्याकडे, आकडे तेवढे एकत्र करायचे. बायपोलरवरचा पहिला मोठा निष्कर्ष २०१६ चा, १७१० पेशंट आणि २५९४ आजार नसलेली माणसं: स्मृतीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस आणि मधला थॅलॅमस सरासरीने लहान, बाजूच्या पोकळ्या मोठ्या. मग २०१८ मध्ये कॉर्टेक्सचा, एकूण ६५०३ माणसं, त्यात २४४७ पेशंट. दोन्ही बाजूंना कपाळामागचा, कानशिलाकडचा आणि वरचा भाग सरासरीने पातळ. मोठा फरक डावीकडे, त्यात बोलण्याशी जोडलेला एक पट्टा आहे आणि चेहरे ओळखायला लागणारा एक भाग. आजाराला जितकी जास्त वर्षं झालेली तितका कपाळामागचा काही भाग आणखी पातळ.

म्हणजे नाटक नाही. हे मी काकांना मोठ्याने वाचून दाखवलंय, शूट नाही केलं.

पण कॉर्टेक्सच्या जाडीची ही आकृती नीट बघा, इथेच सगळे घसरतात. निळा डोंगर पेशंटचा, करडा डोंगर बाकीच्यांचा, आणि दोन्ही बहुतेक एकमेकांवरच बसलेत, शिखर तेवढं किंचित सरकलंय. सरासरीतला हा फरक स्कॅनच्या एका ठिपक्यापेक्षा, म्हणजे साधारण एका मिलिमीटरपेक्षा खूप लहान आहे. फिल्म उजेडात धरून तो डॉक्टरांनाही दिसणार नाही, आईला कुठून दिसणार. कॉम्प्युटरला शिकवून बघितलं की हा मेंदू पेशंटचा की नाही ते सांग, १३ ठिकाणचे ३०२० स्कॅन घेऊन, तर तो ६५ टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. त्यामुळे "स्कॅनवरून बायपोलर ओळखून देतो" असं कोणी म्हणत असेल तर पैसे खिशातच ठेवा. आणि दादाचा एमआरआय बायपोलर शोधायला काढलाच नव्हता. गाठ, सूज, जुना मार, असं काही नाही ना हे बघायला काढला होता. नाहीये. नॉर्मलचा अर्थ तेवढाच.

आता ही स्ट्रिप. लिथियम, बायपोलरवरची गोळी. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने गिनीपिगना लिथियमचं मीठ टोचलं, ती शांत पडून राहिली, मग त्याने ते आधी स्वतः घेऊन बघितलं आणि नंतर उन्मादाच्या १० पेशंटना दिलं. इतकी साधी सुरुवात. पुढे २००० साली अमेरिकेत १० पेशंटना चार आठवडे लिथियम देऊन आधी-नंतर स्कॅन केले, आठ जणांचा करडा भाग वाढलेला दिसला, सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास. यावर नंतर शंकाही घेतल्या गेल्या, की लिथियममुळे मेंदू वाढला की नुसता स्कॅनचा सिग्नल बदलला. पण २०१८ च्या त्या मोठ्या अभ्यासातही लिथियम घेणाऱ्यांचा कॉर्टेक्स न घेणाऱ्यांपेक्षा जाड निघाला. गोळीनेच झालं असं त्यावरून छातीठोक सांगता येत नाही, कारण सगळ्यांचा स्कॅन एकदाच झाला होता. एकाच माणसाचा काही वर्षांनी पुन्हा स्कॅन करून बघणारा अभ्यास २०२२ मध्ये आला, ३०७ पेशंट, त्यात ज्यांना मधल्या काळात उन्मादाचे झटके जास्त आले त्यांचा कॉर्टेक्स लवकर पातळ होत गेला.

लिथियम घेताना रक्तातली लेव्हल, किडनी, थायरॉइड तपासत राहावं लागतं, आणि दादाने एकदा स्वतःच्या मनाने गोळ्या सोडल्या होत्या, तेव्हाचं फुटेज नाही, पुढे जाऊ.

हा शेवटचा शॉट कपाटाचा. पाकीट परत वर गेलं, आईने त्यावर जुनी चादर ठेवली. खाली हा निळा डबा, सोमवार ते रविवार असे खण. आज गुरुवार. आठ वाजून दहा मिनिटं झालीयेत आणि मागून तो आवाज येतोय तो दादाचा, पाणी मागतोय.