माइक वेबस्टर : मधला गडी

मंडळी, अमेरिकन फुटबॉलमधलं आपल्याकडे कुणाचं नाव माहीत असेल, तर ते एखाद्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या गड्याचं. मला आज बोलायचंय ते त्याच्या पुढ्यात ओणवा होऊन उभा असतो त्या माणसाबद्दल. त्याला सेंटर म्हणतात. प्रत्येक डाव त्याच्यापासून सुरू होतो, आणि टीव्हीवर तो कुणाला दिसत नाही.

माइक वेबस्टर हा असा सेंटर. 1952 सालचा, विस्कॉन्सिन राज्यातल्या टॉमाहॉक गावचा. 1974 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाने त्याला पाचव्या फेरीत उचललं. याच ड्राफ्टमध्ये स्वान, लॅम्बर्ट आणि स्टॉलवर्थही त्यांच्या हाती लागले. चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेले. एका संघाला एकाच वर्षी असं घबाड मिळणं म्हणजे नशीबच! पुढच्या सहा मोसमांत स्टीलर्सनी चार सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने, जिंकले. वेबस्टर एकूण 17 मोसम आणि 245 सामने खेळला, शेवटचे दोन मोसम कॅन्सस सिटीकडून. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी उतरायचा. लोक त्याला ‘आयर्न माइक’ म्हणत.

आता तो करायचा काय, ते जरा नीट बघू. चेंडू जमिनीवर. सेंटर वाकतो, पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला अडवतो. आजूबाजूच्या लाइनमनचे दोन्ही हात मोकळे असतात. याचा हात अजून मागेच असतो, त्यामुळे पुष्कळदा डोकंच आधी पुढे जातं. पैलवानांची सलामी झडावी तसं, पण हेल्मेटवर हेल्मेट, आणि एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. सरावातल्या धडका वेगळ्याच. शिवाय तेव्हा समोरच्याच्या हेल्मेटवर बाजूने थप्पड मारायची मुभा होती. एनएफएल या व्यावसायिक लीगने ती 1977 मध्ये बंद केली. म्हणजे वेबस्टरने पहिले तीन मोसम याही थपडा खाल्ल्या.

यातल्या बहुतेक धडकांनी माणूस बेशुद्ध पडत नाही. स्ट्रेचर येत नाही, खेळ थांबत नाही, कुणी नोंदही करत नाही. आपण खेळातली डोक्याची इजा म्हणतो तेव्हा एखादा भयंकर फटका डोळ्यांसमोर आणतो. माझ्या मते तिथेच आपली गफलत होते.

निवृत्तीनंतर सगळंच विसकटलं. स्मरण गेलं, झोप उडाली, पैसे संपले, संसार मोडला. कधी कधी तो आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. 1997 मध्ये हॉल ऑफ फेमचा मान मिळाला, तेव्हाचं त्याचं भाषण भरकटत गेलं. 2002 च्या सप्टेंबरमध्ये, पन्नाशीतच, हृदयविकाराने तो गेला.

पिट्सबर्गच्या शवागारात बेनेट ओमालू हे नायजेरियातून आलेले तरुण पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्या हाती आलेला मेंदू वरून अगदी धडधाकट दिसत होता. दुसऱ्या कुणी फाइल तिथेच मिटली असती. ओमालूंनी मेंदूचे पातळ काप तपासून घेतले, आणि त्यांत टाऊ प्रथिनाचे गुंते सापडले. मुष्टियोद्ध्यांचा असा आजार डॉक्टरांना 1928 पासून ठाऊक होता. फुटबॉलपटूत तो पहिल्यांदाच सापडला. सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी) म्हणतात तो हाच, डोक्याला पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धडकांशी जोडलेला मेंदूचा आजार. याचं खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

ओमालूंचा लेख 2005 मध्ये छापून आला. लीगच्या समितीवरच्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. गंमत बघा, मालक आणि खेळाडू या दोघांचेही प्रतिनिधी असलेल्या, निवृत्त खेळाडूंचे लाभ ठरवणाऱ्या निवृत्ती मंडळाने 1999 मध्येच कागदोपत्री मान्य केलं होतं, की वेबस्टरला आलेलं कायमचं अपंगत्व फुटबॉलमधल्या डोक्याच्या इजांमुळेच आहे. भांडण उरलं होतं ते अपंगत्व कोणत्या तारखेपासून धरायचं आणि पैसे किती द्यायचे, याचं. ते कोर्टात गेलं, आणि 2006 मध्ये अपिलातही वारसांच्या बाजूने निकाल लागला. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केलं ते मात्र थेट मार्च 2016 मध्ये.