नखवाला बेडूक आणि नळाचं पाणी

(दृश्य: जूनची संध्याकाळ, इगतपुरीजवळची भातखाचरं. आधी फक्त आवाज, मग चित्र.)

मृगाचा पाऊस पडला की इगतपुरी, घोटीच्या खाचरांत रात्रभर डरावडराव सुरू होतं. पिवळेधमक नर गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून माद्यांना बोलावतात. पाण्यावर अंडी पडतात, आणि मग पुढच्या पावसापर्यंत शांतता.

अंड्यातून प्राणी कसा घडतो याचा अभ्यास करणाऱ्याला हा हंगाम पुरत नाही. त्याला अंडी फेब्रुवारीतही हवी असतात. नुसती फेब्रुवारीत नाही, तर ठरलेल्या दिवशी, सकाळी दहा वाजता.

(दृश्य: काचेच्या टाकीत तरंगणारी मादी. मागच्या पायांचा जवळून शॉट.)

दक्षिण आफ्रिकेकडचा हा बेडूक ती सोय देतो. नाव झेनोपस लेव्हिस. झेनोपस म्हणजे विचित्र पायांचा. मागच्या प्रत्येक पायाच्या आतल्या तीन बोटांवर काळी नखं आहेत. याला जीभ नाही, डोळ्यांना पापणी नाही, आणि आयुष्य सगळं पाण्यात. अंगावर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या टाक्यांसारखी ओळ दिसते. शिवण घातल्यासारखी ही ओळ म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणारी इंद्रियं. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. नराच्या पुढच्या पायांवर आतल्या बाजूला काळपट पट्टे येतात, त्यावरून तो ओळखायचा.

प्रयोगशाळेत हा आला तो गर्भधारणेच्या चाचणीमुळे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ लॅन्सलॉट हॉगबेन 1920 च्या दशकाअखेरीस केपटाउनमध्ये काम करत होते. पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला की मादी अंडी घालते, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे तिथल्याच संशोधकांनी गर्भवतीच्या लघवीवर हे करून पाहिलं. टोचल्यावर रात्रभरात अंडी दिसली, तर बाई गर्भवती. आधीच्या चाचण्यांत उंदीर किंवा ससा मारून आत बघावं लागे. बेडकी मात्र जिवंत राहायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा कामी यायची. पुढची काही दशकं जगभरच्या दवाखान्यांत हे बेडूक पाळले गेले, आणि तिथून जीवशास्त्रज्ञांच्या हाती आले.

(दृश्य: गंगापूर धरण. मग एका सिंकचा नळ.)

आता नाशिकमध्ये हा बेडूक पाळायचा, असं धरून चालू. काम सुरू होतं पाण्यापासून, आणि बिघडतंही बहुतेक तिथेच.

महापालिकेच्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरिन असतं. आपल्याला ते हवंच, पण बेडकाची कातडी श्वासाचंही काम करते आणि क्लोरिन तिला जाळतं. उघड्या टाकीत हवेचा बुडबुडा सोडून पाणी 24 तास ठेवलं की साधं क्लोरिन उडून जातं. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर ते असं उडत नाही. त्यासाठी कार्बन फिल्टर किंवा सोडियम थायोसल्फेट लागतं. कार्बन फिल्टरची अडचण अशी की तो संपला तरी पाणी तसंच स्वच्छ वाहत राहतं. म्हणून टाकी भरण्याआधी क्लोरिन चाचणीची पट्टी बुडवायची, प्रत्येक वेळी. मात्रा रोज तीच असेल असं धरू नका.

काहींना वाटतं, आरओचं पाणी म्हणजे सर्वांत शुद्ध, तेच वापरू. ते चुकतं. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात बेडकाच्या अंगातले क्षार बाहेर झिरपतात. या जातीला किंचित खारं पाणी मानवतं, तेव्हा आरओ वापरलाच तर मीठ परत घालावं लागतं. तांब्याची पाइपलाइन तर नकोच. तांबं थोडंसं विरघळलं तरी भ्रूणांना विष होतं.

तापमान 18 अंशांच्या आसपास. नाशिकचा मे महिना आठवा, पारा चाळिशीला टेकतो. चिलर लागतो, आणि वीज गेली की चिलर बंद. टाकीतलं पाणी 24 अंशांवर गेलं तर बेडूक लगेच मरत नाही, पण अंडी खराब येतात, आणि कारण शोधण्यात आठवडे जातात. म्हणून चिलरला इन्व्हर्टर आधी, बाकी उपकरणं नंतर.

प्रौढ बेडकाला निदान दोन-तीन लिटर पाणी. खाणं आठवड्यातून दोन-तीनदा, आणि पाणी स्थिर असेल तर खाल्ल्यावर तीन-चार तासांनी बदलायचं, नाहीतर अमोनिया साचतो. टाकीवर झाकण पक्कं हवं. हा बेडूक उडी मारून बाहेर पडतो आणि कपाटामागे वाळून जातो. जाळी मऊ घ्या. कातडी खरचटली की एरोमोनास जिवाणू आत शिरतो आणि मांड्या लाल होतात.

(दृश्य: हातमोजे घातलेला हात मादीचे डोळे झाकून तिला धरतो. बारीक सुई.)

अंडी हवी असतील त्याच्या आदल्या रात्री आठ वाजता इंजेक्शन. औषध तेच, जे गर्भवतीच्या लघवीत असतं: मानवी गर्भधारणेचं संप्रेरक, एचसीजी. 5000 युनिटची बाटली 5 मिलिलिटर पाण्यात विरघळवली की अर्ध्या मिलिलिटरमध्ये 500 युनिट होतात, एका मादीला पुरेल इतके. सुई पाठीच्या मागल्या भागात, त्या शिवणीसारख्या ओळीजवळून कातडीखाली सरकवायची. तिथे लसिकेची पोकळी असते. स्नायूत टोचलं तर औषध नीट पसरत नाही आणि बेडकीला दुखतं. सुई पटकन उपसू नका, औषध छिद्रातून परत बाहेर येतं.

रात्रभर 16 ते 18 अंश आणि अंधार. सकाळी अंडी येऊ लागतात. चांगलं अंडं सुमारे सव्वा मिलिमीटरचं, अर्धं काळपट, अर्धं फिकट, सीमा स्पष्ट. माळेसारखी चिकटून आलेली किंवा पांढरी पडून फुगलेली अंडी टाकून द्या. एकदा अंडी घेतल्यावर त्या मादीला किमान तीन महिने विश्रांती.

फलनात क्रम महत्त्वाचा. अंडी पूर्ण ताकदीच्या क्षारद्रावणात घ्यायची. तिथे ती काही तास फलनक्षम राहतात. साध्या पाण्यात टाकली तर भोवतीचं जेलीचं आवरण काही मिनिटांत फुगतं आणि शुक्राणूला आत शिरता येत नाही. शुक्राणूंचं नेमकं उलट. खाऱ्या द्रावणात ते निपचित असतात, पातळ केलं की पोहू लागतात, आणि थोड्याच वेळात थकतात. म्हणून आधी अंड्यांवरचं द्रावण निथळून टाका, वृषणाचा कुस्करलेला तुकडा त्यांच्यावर फिरवा, आणि मग दहापट पातळ द्रावण ओता.

आता थांबून बघा. पंधरा-वीस मिनिटांत सगळी अंडी कुशीवर वळतात आणि काळी बाजू वर येते. ताटलीभर काळे ठिपके एका दिशेला झाले की फलन झालं. सूक्ष्मदर्शकही लागत नाही. मग 2 टक्के सिस्टीनमध्ये, सामू 8 च्या आसपास ठेवून, चार-पाच मिनिटं हलवलं की जेली सुटते. जास्त वेळ ठेवलं तर अंडी फुटतात. जेली गेल्यावर अंडी हवेला लागू द्यायची नाहीत, तीही फुटतात.

(दृश्य: टाइमलॅप्स. एक पेशी, दोन, चार, आठ.)

22-23 अंशांवर पहिली फाळणी, म्हणजे एका पेशीच्या दोन होणं, सुमारे दीड तासाने. मग दर अर्ध्या तासाला एक. दहाव्या तासाच्या सुमारास गॅस्ट्रुलेशन, म्हणजे पेशी आत वळून थर बनणं, सुरू, दुसऱ्या दिवशी मेंदू आणि मज्जारज्जू घडवणारी मज्जानलिका बंद, चौथ्या-पाचव्या दिवशी बेडूकमासा खायला लागतो. न्यूकूप आणि फेबर यांनी 1956 मध्ये या साऱ्या प्रवासाच्या 66 अवस्था आखून दिल्या. वहीत तासांऐवजी अवस्था लिहायची ती यामुळेच. तापमान बदललं की तास बदलतात, अवस्था बदलत नाही.

या प्राण्याची आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट दोन पेशींच्या वेळी घडते. पहिली फाळणी बहुतेक वेळा डावा-उजवा भाग वेगळा करते. काचेच्या सुईने एकाच पेशीत चार नॅनोलिटर आरएनए सोडला, सोबत हिरवं चमकणारं प्रथिन घातलं, की बेडूकमाशाची एक बाजू बदललेली आणि दुसरी जशीच्या तशी. तुलना त्याच जिवात मिळते, वेगळी शोधावी लागत नाही.

अंडं मोठं, म्हणून त्यात हातानं काम करता येतं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी अंड्यातलं केंद्रक अतिनील किरणांनी निकामी केलं आणि बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक आत घातलं. त्यातून पुढे बेडूक घडले. हे काम 1962 मध्ये छापून आलं, नोबेल 2012 मध्ये मिळालं. अमेरिकन संशोधक पीटर अॅग्रे यांच्या गटाने 1992 मध्ये एका प्रथिनाचा आरएनए झेनोपसच्या अंडपेशीत टोचला आणि ती पातळ द्रावणात टाकली. टोचलेली पेशी फुगून फुटली, न टोचलेली तशीच राहिली. ते प्रथिन पाण्याची वाट होतं, अॅक्वापोरिन.

लेव्हिसची एक अडचण जनुकांची आहे. त्याचे गुणसूत्र 36, दोन जुन्या जातींच्या संकरातून आलेले, त्यामुळे बऱ्याच जनुकांच्या दोन जोड्या. एक बंद केली तर दुसरी काम निभावते. जनुकशास्त्रासाठी छोटा भाऊ झेनोपस ट्रॉपिकॅलिस बरा. गुणसूत्र 20, चार-सहा महिन्यांत वयात येतो, आणि त्याला 25 अंश लागतात. नाशिकच्या थंडीत त्याच्यासाठी हीटर लावावा लागेल. शिकाऊ हातांना मात्र लेव्हिसचं मोठं अंडं द्या.

(दृश्य: दिंडोरीकडची द्राक्षबाग. फवारणीचा ट्रॅक्टर.)

अवकाळी पाऊस आला की डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्या वाढतात, आणि त्यातलं काही ओढ्याला लागतं. अशा रसायनांसाठी एक प्रमाणित चाचणी आहे, फेटॅक्स. गॅस्ट्रुलेशनच्या आसपासची निरोगी भ्रूणं वेगवेगळ्या मात्रेत 96 तास ठेवायची, द्रावण दर 24 तासांनी बदलायचं. मग तीन गोष्टी मोजायच्या: किती मेली, किती वेडीवाकडी झाली, किती वाढली. निम्मी मरतात ती मात्रा, भागिले निम्म्यांत विकृती येते ती मात्रा. उत्तर दीडच्या वर गेलं तर ते रसायन मारण्याआधी घडण बिघडवतंय. नियंत्रण गटात दहा टक्क्यांपेक्षा जास्त दगावली तर चाचणी रद्द. अशा वेळी रसायनावर संशय घेण्याआधी आपल्या पाण्यावर घ्या.

बेडूक पृष्ठवंशीय आहे. प्रयोगासाठी केंद्राच्या प्राणी-प्रयोग समितीकडे नोंदणी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी लागते. भुलीसाठी वापरतात ते एमएस-222 आम्लधर्मी असतं. बायकार्बोनेट घालून सामू सात केल्याशिवाय त्यात बेडूक बुडवू नका.

(दृश्य: टाकीच्या तळाची नळी, बादली. मग अंजनेरीचा कडा, धुकं.)

राहिलं टाकीतून बाहेर पडणारं पाणी. कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, पोर्तुगाल, जिथे हा बेडूक सुटला तिथे तो रुजला. तो अंगावर कायट्रिड ही बेडकांचा जीव घेणारी बुरशी वाहू शकतो, स्वतः फारसा आजारी न पडता. ही बुरशी सह्याद्रीच्या बेडकांतही सापडली आहे. अंजनेरी, त्र्यंबकच्या डोंगरांत राहणारे बेडूक कुणाच्या टाकीतून आलेला आणखी एक वाण झेलायला नकोत. म्हणून वापरलेलं पाणी आधी बादलीत, त्यात ब्लीच, मग गटारात. जाळ्या आणि बूट पूर्ण वाळवायचे, कारण ही बुरशी कोरडेपणात मरते. खोलीच्या मोरीला बारीक जाळी. आणि जादा झालेला बेडूक, कितीही जीव लावला असला तरी, गोदावरीत सोडायचा नाही.