जांबोटीच्या रस्त्यावर सेडान

श्रोतेहो, नमस्कार. दसरा जवळ आला की निपाणीपासून खानापूरपर्यंत घराघरात गाडीचा विषय निघतो. पोरांना स्पोर्टी सेडान हवी, थोरल्यांना उंच गाडी.

माझ्या धाकट्या भावानं अशीच टर्बो पेट्रोल सेडान घेतली. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र. आईला घेऊन आम्ही चोर्ल्यामार्गे गोव्याला निघालो. जांबोटीपर्यंत भाऊ गाडीचं कौतुक सांगत होता, आणि ते खरंही होतं. बुटकी गाडी, वजन खाली, त्यामुळं वळणावर कलत नाही, रस्त्याला चिकटून राहते. पण मागं आई गप्प. कणकुंबीला चहाला थांबलो तर तिला उतरता येईना. दोन्ही हात धरून बाहेर काढलं. म्हणाली, "गाडी बरी पळुल्या रे, पण खड्ड्यात बसल्यागत वाटुलंय मला."

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं देऊळ आहे. आपली पोरं इथून गोव्याला सुसाट जातात, नदीला हातसुद्धा जोडत नाहीत. मला ते खुपतं.

असो. परतीला आई पुढं, भाऊ मागं, स्टेअरिंग माझ्या हातात. घाट चढताना पुढं मालाचा टेम्पो रांगत होता. सरळ, मोकळा तुकडा दिसला, गिअर खाली घेतला, टर्बो भरला आणि बघता बघता टेम्पो आरशात! आई म्हणाली, "आत्ता बरं वाटुलंय." मागनं भाऊ म्हणाला, "दादा, छत डोक्याला लागुलंय."

तर ताकद भरपूर. फोक्सवॅगनची व्हर्टस ही अशीच सेडान, तिच्या दीड लिटर टर्बो इंजिनला 150 पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती, आणि डिकी 521 लिटरची. लग्नाच्या बॅगा आरामात मावतात. मात्र लांबी चार मीटरच्या वर, म्हणून सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 40 टक्के. लहान इंजिनच्या छोट्या गाडीला 18. वर कर्नाटकचा रोड टॅक्स. तो वाचवायला कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या नावावर एमएच-09 पासिंग करून गाडी इथं फिरवू नका. राहतो तिथला कर भरावा, हे माझं ठाम मत.

ट्रायल सपाट हायवेवर देतात. तुम्ही जांबोटीचा रस्ता मागा. आणि आईला मागं बसवा. पुन्हा सांगतो, ट्रायलला आईला मागं बसवा.