सतरा इंची संगीन बाराची झाली कशी?

श्रोतेहो, राम राम.

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी भंगारवाल्याची ताडपत्री चाळली, की विळे, नांगराचे फाळ, डवऱ्याच्या पासा यांच्यात कधीमधी एखादी संगीन सापडते. आश्चर्य वाटायला नको. ही संगीन जिला लागते ती थ्री-नॉट-थ्री रायफल आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कितीतरी वर्षं होती. भंगारवाला म्हणतो, "इंग्रजाची ओरिजनल हाये, साहेब." असेलही. पण ती आखूड असेल, तर कोणी केली? सरकारी कारखान्यानं की गावच्या लोहारानं? किमतीतला सगळा फरक इथंच पडतो.

खिशात मीटरपट्टी ठेवा. मूठ सोडून, आडव्या पट्टीपासून टोकापर्यंत पातं मोजा. १९०७ पॅटर्नचं, म्हणजे इंग्रजांच्या १९०७ सालच्या नमुन्याचं, मूळ पातं १७ इंच, म्हणजे ४३२ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात अशी कित्येक पाती कापून १२ इंचांची, ३०५ मिलिमीटरची केली गेली. तेव्हा माप ३०५ च्या आसपास भरलं तर पुढं बघायचं. २७० किंवा ३४० भरलं, तर बहुधा कोणीतरी घरच्या सोयीनं सातूर करून घेतलेला असतो.

आता पात्याची खोबण बघा. लोक तिला रक्तनाळ म्हणतात, पण रक्ताशी तिचा काही संबंध नाही. ती वजन कमी करते आणि पात्याचा ताठपणा राखते. मूळ पात्यावर ही खोबण साधारण १२ इंचांची, आणि ती टोकाच्या ३ इंच अलीकडे मिटते. १७ मधून ३ गेले, म्हणजे खोबण आडव्या पट्टीपासून १४ इंचांवर संपते. पातं १२ वर कापलं, की काप खोबणीतूनच जाणार. म्हणून खऱ्या कापलेल्या संगिनीची खोबण टोकात उघडी पडते. पातं १२ इंची आहे आणि खोबण टोकाआधीच नीट मिटलीय, तर ते १९०७ चं कापलेलं पातं नव्हे. लांब पात्यावर खोबण मिटलीय, पण तिच्यापुढं ३ ऐवजी २ इंचच उरलेत? मग टोक मोडलं होतं आणि इंचभर घासून नवं काढलंय.

कारखान्याचं टोक दोन्ही बाजूंनी सारखं उतरतं. लोहाराचं एका अंगाला कलतं, ग्राइंडरचे आडवे ओरखडे राहतात, आणि पातं तापलं असेल तर टोकाशी निळसर-पिवळी झाक दिसते. ती झाक म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं.

मुठीजवळच्या जाड भागावरचे ठसे भिंगानं वाचा. मुकुटाखाली '१९०७' दिसलं की लोक तेच वय सांगतात. ते नमुन्याचं वर्ष आहे, बनवल्याचं नाही. बनवल्याचा महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे वेगळे कोरलेले असतात. दुसऱ्या बाजूला बाण आणि फुली सापडेल. फुली म्हणजे पातं वाकवून तपासल्याची खूण. 'आर.एफ.आय.' म्हणजे बंगालमधल्या इशापूरचा रायफल कारखाना. त्यानं युद्धकाळात खोबण नसलेली १२ इंची पाती नव्यानंच बनवली. ती कापलेली नाहीत, हे विसरू नका. १८८८ आणि १९०३ पॅटर्नचीही पाती १२ इंचीच, पण दुधारी. १९०७ चं एकधारी.

मुठीच्या लाकडी फळ्या दोन स्क्रूंनी बसवलेल्या असतात. तिथं सागवान आणि रिव्हेट दिसले, तर मूठ बहुधा गावची.

घरी आणल्यावर लोहाराच्या चाकावर चुकूनही घासू नका. ठसे गेले की संगीन गेली. चिंचही लावू नका. रॉकेलचा बोळा फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ कापडानं हलक्या हातानं पुसा. लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरेत. आणि मृगाआधी पातं चामडी म्यानातून बाहेर काढा. चामडं ओल धरतं, आणि पोळ्याला बघाल तर पात्यावर खळगे पडलेले असतात. तेल लावून, कापडात गुंडाळून, म्यान बाजूला ठेवा.

घेण्याआधी मात्र ठाण्यात विचारा. २०१६ च्या शस्त्र नियमांत संगिनीचं नाव स्पष्ट आहे. परवाना सगळीकडे लागतोच असं नाही, म्हणून आपल्या जिल्ह्याचं विचारायचं. शंभर वर्षांवरची असेल तर परदेशातल्या भाच्यालासुद्धा पाठवता येत नाही.