डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे

(दृश्य: पहाटेचे पावणेपाच. वडाळ्याचं विठ्ठल मंदिर. भिंतीला टेकवलेल्या दोन सायकली.)

वडाळ्याच्या या देवळाला मुंबईकर प्रतिपंढरपूर म्हणतात. आषाढीला इथली रांग बाहेर रस्त्यावर येते. आज कार्तिकातली पहाट, देवळासमोर आम्ही दोघंच. इथून खरं पंढरपूर साडेतीनशे किलोमीटरहून लांब. आम्ही चार दिवस धरलेत.

गिअरची सायकल माझी. हँडलला बॅग, फ्रेमच्या त्रिकोणात बॅग, सीटमागे बॅग. याला हल्ली बाइकपॅकिंग म्हणतात. दुसरी काळी, बिनगिअरची, मागे लोखंडी कॅरिअर. त्यावर एकच गाठोडं, जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेलं. ती मामांची. तिला कोणी काही म्हणत नाही.

मामा तीस वर्षं डबेवाले होते. मुंबईत हा धंदा १८९० पासून चाललाय आणि त्यातली बहुतेक माणसं मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची. माळकरी. मामाही त्यातलेच. पायी वारी कधी चुकवली नाही, मग गुडघ्यांनी संप केला. चालताना अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो. सायकलवर तो बराचसा सीट उचलते. म्हणून सायकल.

निघण्याआधी मामांनी माझी सायकल नुसती उभी धरून पाहिली. हँडल डावीकडे कललं.

"काय भरलंय इकडं?"

"स्टोव्ह."

"मग तिकडं काय?"

तिकडे काही नव्हतं. त्यांनी स्टोव्ह काढून फ्रेममध्ये खाली, पेडलजवळ बसवला. जड ते खाली, हलकं ते वर, आणि हँडलला डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे. दादरच्या गर्दीतून दोन्ही बाजूंना डबे लटकवून सायकल काढलेला माणूस. मी हेच शिकायला रात्र रात्र व्हिडिओ बघत होतो.

(दृश्य: वाशीचा खाडीपूल, उजाडताना.)

मानखुर्द, वाशी, पनवेल. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ट्रक आहेत, धूळ आहे. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळे जुन्या रस्त्याने खोपोली. पुढे बोरघाट.

घाटात शिंगरोबाचं देऊळ लागतं. साहेबाला घाटातली वाट दाखवणारा धनगर तो, अशी लोकांची गोष्ट. गाड्या वेग कमी करतात, खिडकीतून नाणं पडतं. मी तिथे धापा टाकत पोचलो तेव्हा मामा आधीच पायरीवर बसलेले. पुण्याला रिकामा परतणारा भाजीचा टेम्पो त्यांनी खोपोलीत थांबवला होता, सायकलसकट.

"इठोबाला टेम्पो चालतो," म्हणाले. "गुडघ्याला घाट चालत नाही."

मला आधी जरा खटकलं. मग वाटलं, सलग सायकल मारायचा हट्ट माझा आहे, वारीचा नाही. दिंडीचं सामान तरी कुठे डोक्यावर असतं? ते ट्रकमध्येच असतं.

कामशेतला मावशीचं घर. तिने माझा तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह ओसरीवर मांडलेलं पाहिलं.

"पंढरीला चाललाय का हिमालयात? वाटंवर देवळं काय थोडी हायेत?"

तंबू आणि स्टोव्ह तिच्याकडेच राहिले. पुढच्या रात्री देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत निघाल्या. पिठलं-भाकरी कुठेही मिळाली.

(दृश्य: दिवे घाट. खाली मस्तानी तलाव.)

दिवे घाटात आषाढीला माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. इथे मीसुद्धा उतरून सायकल ढकलली. मग सासवड, जेजुरी, वाल्हे. नीरेच्या पुलावर मामा थांबले. वारीत इथे माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. मामांनी बाटलीत पाणी भरून आणलं आणि दोन्ही सायकलींच्या चाकांवर शिंपडलं.

आषाढीला या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. कार्तिकात तो उसाचा असतो. कारखाने सुरू झालेले, ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, उसाची मोळी अंगावर येईल इतकी बाहेर, आणि पुष्कळदा मागे लाल दिवा नाही. अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही, हा आमचा एकमेव नियम. रस्ता चौपदरी झालाय, गुळगुळीत आहे. जुनी झाडं मात्र गेली. दुपारी बाराला सावली शोधत बसावं लागतं.

(दृश्य: चांदोबाचा लिंब. जवळून: टायर, त्यात बाभळीचा काटा.)

वारीतलं पहिलं उभं रिंगण जिथे होतं, तिथेच माझं चाक बसलं. बाभळीचा काटा. जवळच्या पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुड्यावर बोट ठेवलं, कानशीने घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली. सगळं बिनचूक. हवा भरायची वेळ आली तेव्हा त्याच्या पंपाचं तोंड माझ्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. माझा छोटा पंप? स्टोव्हच्या पिशवीत. पिशवी कामशेतला.

मामा हसले नाहीत, हे विशेष. फलटणचं सायकलचं दुकान त्यांनी त्या पंक्चरवाल्याकडूनच विचारून घेतलं, आपल्या सायकलवर जाऊन पितळी अडॅप्टर घेऊन आले. सुपारीएवढा. येता-जाता तीन तास गेले.

(दृश्य: वेळापूर. उतार.)

तुकोबांना इथून विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते पंढरीकडे धावत सुटले, असं सांगतात. वारकरी अजून इथे धावतात, त्याला धावा म्हणतात. मामांनी पेडल सोडलं, दोन्ही पाय बाजूला काढले आणि उतारावर सायकल नुसती सोडून दिली. टोपी एका हाताने धरलेली. गुडघ्यांना बरी वाटणारी धाव.

(दृश्य: पंढरपूर. चंद्रभागेचं वाळवंट, रात्र.)

एकादशीच्या या दिवसांत देवाचा पलंग काढलेला असतो. दर्शन रात्रंदिवस चालू. तरी रांग कित्येक तासांची. सायकलींपाशी कोणीतरी थांबायला हवं होतं.

"मी नामदेव पायरीवर डोकं ठेवून आलोय," मामा म्हणाले. "कळस हितनं दिसतोय. तू जा."

मी परत आलो तेव्हा उजाडत होतं. मामांनी मध्येच उठून चुरमुरे, बत्तासे, बुक्का घेऊन ठेवला होता. दोन सारख्या पिशव्या केल्या होत्या. एक माझ्या हँडलला डावीकडे बांधून झाली होती, दुसरीची गाठ मारत होते.