परमचा पहिला डाव: ट्रान्सप्युटर

[दृश्य: पुणे विद्यापीठाचा परिसर, गणेशखिंड]

१९८८ साली पुण्यात सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र, ही सरकारी संस्था सुरू झाली. संचालक विजय भटकर. मुदत तीन वर्षांची आणि काम एकच: भारतात महासंगणक बांधायचा. त्या महासंगणकाचं नाव परम.

ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकदा अमेरिकेपासून सुरू होते. भारताला तिथल्या क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने मोठ्या यंत्राला परवानगी दिली नाही. एकच प्रोसेसर असलेला क्रे एक्स-एमपी दिल्लीला मिळाला, तोही हवामानाच्या अंदाजापुरता. मग आपण जिद्दीने स्वतःचा बांधला. यात खोटं काही नाही. पण मला त्या जिद्दीपेक्षा अवघड वाटतो तो पुढचा प्रश्न. बांधायचा, पण कशावर? त्या ताकदीचा प्रोसेसर भारतात बनत नव्हता. म्हणजे परदेशात तयार होणारी एखादी चिप निवडायची आणि उद्या ती बनवणारी कंपनी टिकेल यावर सगळी मेहनत लावायची.

क्रेची वाट होती एक किंवा दोन-चार अतिशय वेगवान, अतिशय महाग प्रोसेसरांची. दुसरी वाट समांतर संगणनाची: साधे, स्वस्त प्रोसेसर शेकड्याने जोडायचे आणि काम वाटून द्यायचं. मोठ्या पंगतीच्या पोळ्या एकाच निष्णात आचाऱ्याने लाटायच्या, की पन्नास जणींनी बसून लाटायच्या, असा हा फरक. पन्नास जणी बसल्या की लाटणं सोपं होतं. कणीक कुणी कुणाला कधी द्यायची, हे जमवणं अवघड. समांतर संगणकाचंही तसंच. हिशेब करायला प्रोसेसर पुष्कळ असतात, पण त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, यावर सगळं अडतं.

[दृश्य: टी८०० चिप, जवळून]

याच अडचणीवर ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात एक उत्तर तयार झालं होतं. इनमॉस ही कंपनी १९७८ साली तिथल्या सरकारच्या पैशावर उभी राहिली होती. तिने बनवलेली चिप म्हणजे ट्रान्सप्युटर. १९८७ सालच्या टी८०० या आवृत्तीत हिशेब करणारा भाग, दशांश आकडेमोडीचा भाग, थोडी मेमरी आणि शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी चार दुवे, हे सगळं एकाच तुकड्यावर होतं. एका चिपचा दुवा दुसरीला जोडा, दुसरीचा तिसरीला, आणि जाळं वाढवत न्या. मधे वेगळं यंत्र नको. तिच्यासाठी ऑकम नावाची भाषाही डेव्हिड मे यांनी रचली होती. त्या भाषेत दोन कामं एकाच वेळी चालवणं आणि त्यांच्यात निरोप पाठवणं मुळातच होतं.

सी-डॅकने ट्रान्सप्युटर निवडला.

ही निवड सर्वमान्य मुळीच नव्हती. त्याच काळात बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत फ्लोसॉल्व्हर हा समांतर संगणक इंटेलच्या साध्या ८०८६ चिपवर उभा राहिला होता. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अनुपमने इंटेलचीच आय८६० घेतली. संरक्षण खात्याच्या पेस या संगणकाने मोटोरोलाच्या चिपवर सुरुवात केली. एकाच देशात, एकाच वेळी, सरकारी पैशावर इतके वेगवेगळे डाव! काहींना ही उधळपट्टी वाटेल. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण पुढे कुठली चिप जगेल हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

१९९१ साली परम ८००० तयार झाला. प्रोसेसर ब्रिटनचे, त्यांची मांडणी, जोडणी आणि ते चालवणारं पारस हे सॉफ्टवेअर पुण्याचं. एक यंत्र मॉस्कोच्या संस्थेतही बसवलं गेलं. तीन वर्षांपूर्वी ज्या देशाला मोठा क्रे मिळत नव्हता, त्याने समांतर संगणक निर्यात केला. याचा अभिमान वाटायलाच हवा.

आणि नेमक्या त्याच सुमाराला पायाखालची जमीन सरकू लागली होती.

इनमॉस १९८४ साली थॉर्न ईएमआयला आणि १९८९ साली एसजीएस-थॉमसनला विकली गेली. १९९१ साली टी९००० ही पुढची चिप जाहीर झाली. टी८००च्या दहापट वेगाचं आश्वासन होतं. ती लांबत गेली, कबूल केलेला वेग तिला गाठता आला नाही, आणि तोवर इतर कंपन्यांचे साधे प्रोसेसर पुढे निघून गेले. ट्रान्सप्युटरवर यंत्रं बांधणाऱ्या ब्रिस्टलच्या मायको कंपनीला सन कंपनीच्या स्पार्क प्रोसेसरकडे वळावं लागलं. जर्मनीच्या पार्सिटेकने टी९०००साठी आखलेलं यंत्र शेवटी पॉवरपीसी या प्रोसेसरवर नेलं.

सी-डॅकने परम ८६०० मध्ये हिशेबासाठी आय८६० घेतली आणि ट्रान्सप्युटरला निरोप्याचं काम दिलं. पण आय८६० सुद्धा काही वर्षांतच मागे पडली. कागदावर तिचा वेग डोळे दिपवणारा होता. तो प्रत्यक्षात काढून देणारे कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारी सॉफ्टवेअर, कुणाकडेच नव्हते. म्हणजे लागोपाठ दोन चिपांनी साथ सोडली.

मला या सगळ्या प्रवासातलं सर्वात मोलाचं यंत्र परम ९००० वाटतं. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. १९९४ साली ते दाखवलं गेलं तेव्हा त्यात सुपरस्पार्क हा प्रोसेसर होता, पण त्याची रचनाच अशी होती की प्रोसेसर बदलता यावा. त्याच मांडणीत पुढे अल्ट्रास्पार्क आणि डेक कंपनीची अल्फा चिपही बसवता आली. चिप कुणाचीही असो. प्रोसेसरांना जोडणारं जाळं आणि त्यावरून निरोप नेणारं सॉफ्टवेअर आपलं असेल. हे शहाणपण ट्रान्सप्युटरवर काम करूनच आलं होतं, कारण निरोपांचा विचार आधी करायची सवय त्याने लावली होती. १९९८ सालच्या परम १०००० मध्ये सनचे सर्व्हर होते, पण त्यांना जोडणारं परमनेट सी-डॅकचं होतं. २००३ साली परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ प्रोसेसरवर चालला आणि जगातल्या पहिल्या पाचशे संगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आला.

क्रेच्या बाजूनेही कुणी सुखात नव्हतं. क्रे यंत्रांचे जनक सीमोर क्रे यांची नवी कंपनी १९९५ साली दिवाळखोरीत गेली. त्याच्या आदल्याच वर्षी समांतर संगणकांचं मोठं नाव असलेली थिंकिंग मशीन्सही गेली होती. ट्रान्सप्युटरचे दुवे मात्र वेगळ्या रूपात टिकले: टी९०००च्या जोडणीतून निघालेलं स्पेसवायर हे मानक आज अंतराळयानांमध्ये वापरलं जातं.

[दृश्य: खोडद, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या]

२०२४ साली परम रुद्र संगणकांचं लोकार्पण झालं. त्यातला एक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी आहे. रुद्र सर्व्हरचा बोर्ड सी-डॅकने रचलेला आहे, प्रोसेसर इंटेलचा आहे. या वेळी सी-डॅक प्रोसेसरमध्येही स्वतः उतरली आहे, आणि तेही दोन घोड्यांवर: औम ही चिप एआरएम कंपनीच्या रचनेवर, वेगा ही मालिका रिस्क-व्हीवर. एआरएमचं सॉफ्टवेअर तयार मिळतं, पण तिच्यासाठी खासगी कंपनीचा परवाना घ्यावा लागतो. रिस्क-व्ही हे खुलं मानक आहे, परवाना शुल्क नाही, पण महासंगणकाच्या कामात तिला अजून बरंच सिद्ध करायचं आहे. दोन्हीकडे माणसं लागतात, पैसा लागतो, आणि त्यामुळे एकच निवडा असा आग्रह धरणारे भेटतीलच. तो आग्रह सी-डॅकने अजून काही वर्षं तरी मानू नये.